फळ्यावरची बरोबरी

चि. धाकटूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. बॉक्सिंगच्या हॉलमधलं काम चालू आहे. टॉवेल धुते, ग्लोव्ह्ज उन्हात ठेवते. वेळेवर जेवते, असं आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

हॉलमध्ये जुन्या गाजलेल्या लढतींचा फळा लावलाय. तुझ्या भावोजींची ती बरोबरीची लढतही त्यात आहे, दोघांची नावं शेजारी-शेजारी. तेव्हा मी नुकती वाचायला शिकत होते. पेपरात अक्षरं जुळवत वाचलं, 'लढत बरोबरीत सुटली', आणि ह्यांना विचारलं, "सुटली म्हणजे? कुणाच्या तावडीतून?" सुजलेल्या ओठाने किती हसले होते.

तेव्हा ह्यांच्याशी लढलेले गृहस्थ आता इथेच कोच आहेत. परवा खडू घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? त्या दिवशी तोच जिंकला होता. पंचांना दिसलं नाही. आता फळ्यावर तसं लिहितो. तो गेला, निदान एवढं तरी करू द्या."

"जिंकलेल्याचं नाव कसं लिहिता?"

"मोठ्या अक्षरांत. एकट्याचं."

"मग नको. बरोबरीच राहू द्या."

"कमाल आहे! लोक जिंकण्यासाठी भांडतात, वहिनी," म्हणाले, पण खडू खिशात टाकला.

मला रडू आलं नाही. हल्ली येतच नाही. काम आवरलं की फळ्यापाशी थांबते. ह्यांच्या नावाला सोबत आहे, एवढं बघते आणि खोलीवर जाते.

घरी सगळ्यांची आठवण काढली म्हणून सांग.

तुझी,
ताई