फडताळाच्या दारावरचा शब्द

बाबा, स्वयंपाकघराला रंग द्यायचा म्हणून आज ते जुनं फडताळ बाहेर काढलं. रंगाऱ्याने विचारलं, "ताई, हे ठेवायचं का भंगारात टाकायचं?" मी म्हटलं, "आधी जेवून या." तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तुम्ही गेल्यावर मोहने गावातल्या कारखान्याच्या कॉलनीतून हे फडताळ टेम्पोत घालून वर्तकनगरच्या या घरी आणलं तेव्हा आई म्हणाली होती, "दार पुसू नकोस." दारावर तेव्हा काहीच नव्हतं, तरी म्हणाली.

त्या दारावर तुम्ही खडूने लिहायचात. एका आठवड्याला एक ग्रीक उपसर्ग आणि त्याच्या खाली त्याचे इंग्रजी शब्द. फर्स्ट शिफ्ट करून तुम्ही साडेतीनला घरी यायचात, हातपाय धुवायचात आणि चहा गाळला जाईपर्यंत खडू घेऊन उभे राहायचात. कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या लावून लावून तुम्हाला ही सवय लागली असं आई म्हणायची. "मीठ संपलंय. त्याला कुठला उपसर्ग लावायचा तेही लिहा," ती म्हणायची, आणि तुम्ही खरंच एका कोपऱ्यात 'मीठ' लिहायचात.

मी दहावीत असताना 'मेटा'चा आठवडा होता. मेटा म्हणजे नंतर, पलीकडे, बदल. मेटामॉर्फोसिस म्हणजे रूप बदलणं. मेटाफर म्हणजे अर्थ उचलून दुसरीकडे वाहून नेणं. 'मेथड'मध्येही मेटा लपलाय हे सांगताना तुम्हाला किती आनंद झाला होता. होडोस म्हणजे वाट, म्हणून मेथड म्हणजे एखाद्या गोष्टीच्या मागोमाग त्या वाटेने जाणं. तुमचा नियम एकच होता. आधी शब्द फोडायचा, तर्काने अर्थ सांगायचा. कोश रविवारी उघडायचा, त्याआधी कोणी हात लावायचा नाही. एकदा मी गुरुवारीच चोरून पाहिलं तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. "अगं, मग रविवारी आपण काय करायचं?" एवढंच म्हणालात. मला ते फार लागलं होतं.

मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तुमचा खोकला हटेना. वर्षापूर्वी तुमच्या पाठीवरची गाठ काढली होती आणि सगळं निघालं असं डॉक्टर म्हणाले होते. ठाण्याला छातीचा एक्स-रे काढला. रिपोर्ट आणायला कॉलेज सुटल्यावर मीच गेले. डॉक्टर आठवडाभर गावाला गेलेले. घरी येऊन पाकीट तुमच्या हातात दिलं. तीन ओळी होत्या, आणि शेवटच्या ओळीत प्रश्नचिन्हापुढे एकच मोठा शब्द. तुम्ही तो दारावर लिहिलात. मेटास्टॅसिस.

"काय असेल, सांग."

'एक्स्टसी' फोडताना तुम्ही शिकवलेलं मला आठवलं. स्वतःच्या बाहेर उभं राहणं. मी म्हटलं, "स्टॅसिस म्हणजे उभं राहणं, थांबणं. मेटा म्हणजे बदल. बदल थांबलाय, बाबा. जे काही होतं ते आता वाढत नाहीये."

तुम्ही हाताला लागलेला खडू झटकलात. मग म्हणालात, "तर्क चांगला आहे."

आईने त्या संध्याकाळी शिरा केला. कढईपाशी ती गुणगुणत होती. कित्येक महिन्यांनी ऐकलं मी ते. "तरी मी म्हणतच होते, थंडीचा खोकला आहे," ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "हिची परीक्षा होऊ दे. मग जाऊ डॉक्टरांकडे निवांत. घाई काय आहे?"

रविवारी मी कोश काढायला उठले. तुम्ही ओल्या फडक्याने दार पुसत होतात. "या वेळी कोश नको. तुझा अर्थच राहू दे." इतक्या वर्षांत तुमचा नियम तुम्ही पहिल्यांदाच मोडलात. तुम्हाला ठाऊक होतं का, बाबा? तीस वर्षं मी हेच विचारते आहे. ठाऊक असेल तर तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात. ठाऊक नसेल तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. यातलं कुठलं सोसायला सोपं, ते मला अजून ठरवता येत नाही.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "हा तेव्हाच घेऊन का नाही आलात?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मुलीची परीक्षा होती." श्रावण लागायच्या आत तुम्ही गेलात. आधी गेलो असतो तरी फार फरक पडला नसता असं सगळे म्हणाले. आत्याने मला जवळ घेतलं. "पोरीने चांगल्या मनाने सांगितलं, तिला काय कळणार होतं?" आईसुद्धा शेवटपर्यंत हेच म्हणत राहिली, आणि मी ते म्हणू दिलं.

रंगारी जेवायला गेलाय. फडताळ गॅलरीत उभं आहे. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून आज लिहिते.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी तुम्ही फर्स्ट शिफ्टला गेला होतात. आई खाली नळावर होती. मी कोश काढला. मेटास्टॅसिस म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं. त्याच्याखाली रोगाचा अर्थही दिला होता, कर्करोग मूळ जागेवरून शरीरात दुसरीकडे पसरणं, तोही वाचला. मग कोश होता तसा ठेवून दिला आणि अभ्यासाला बसले. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज साडेतीनला तुम्ही यायचात आणि आई गुणगुणत चहा टाकायची.

परीक्षा संपायला अजून पाच आठवडे होते, बाबा, आणि मला कळलं होतं.