पाठमोरा विठू

॥ श्री ॥

मांडवी, रत्नागिरी
ता. १० नोव्हेंबर १९८५

चि. हरिश्चंद्र यास दमयंतीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. गोदीतली ड्यूटी सांभाळून तू बोटकंपनीच्या कचेरीत खेपा घालतोस, मला कळतं रे. पण दर वेळी ‘चौकशी चालू आहे’ एवढंच वाचून जीव कासावीस होतो. माझा विठू ज्या बोटीवर होता ती बुडाली हे त्यांनी लगोलग कळवलं, मग त्यावरची माणसं कुठं गेली हे कोण कळवणार? काहींना दुसऱ्या बोटीनं उचललं म्हणतात. त्यात तो असणारच. भाट्याच्या खाडीत पोहायला शिकलेला पोर आहे तो.

खानावळ कशीबशी चालू आहे. तुझ्या भावोजींनी नाटकाचे पडदे रंगवणं सोडून ही खानावळ काढली आणि भिंतींवर स्वतःची चित्रं टांगली, तेव्हा तू हसला होतास, की लोक बांगडा खाणार की चित्र बघणार? अरे, लोक दोन्ही करायचे. बंदराच्या चित्राखालचं टेबल मिळावं म्हणून कोर्टातले कारकून खोळंबून राहायचे. आता ती सगळी चित्रं माळ्यावर गेली. भिंतीभर विठूच विठू. हसरा, टोपीतला, होडीत बसलेला. मी ताटं वाढते आणि तो चोहीकडून बघतो. गिऱ्हाइकं मान खाली घालून जेवतात, सोलकढी दुसऱ्यांदा मागत नाहीत. हे तर दिवसभर रंगवतात आणि कुणाशी चकार शब्द बोलत नाहीत. मला त्याचं बरंही वाटतं आणि भीतीही वाटते.

राहीला, माझ्या गुणी भावजयीला, आशीर्वाद. काहीतरी चांगलं लिहिण्याजोगं घडव बाबा.

तुझी,
दमयंतीताई

॥ श्री ॥

माझगाव, मुंबई
ता. २४ नोव्हेंबर १९८५

ती. ताईस हरिश्चंद्रचा सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र तीनदा लिहून फाडलं. शेवटी राही म्हणाली, की भाऊच खोटं बोलला तर त्यांनी विश्वास कुणावर ठेवायचा? म्हणून लिहितो. वाचवलेल्या खलाश्यांची नावं आली. कंपनीच्या साहेबांनी मला बसवून दोनदा वाचून दाखवली. आपला विठू त्यात नाही. आणखी कुणी जिवंत सापडेल अशी आशा धरू नये, असं ते म्हणाले. माणूस चांगला होता, त्यानं मला चहा पाजला.

भावोजींना तू कसं सांगशील ते तूच ठरव. मनाची तयारी झाली की कळव. पुढचे विधी करायला मी रजा काढून येईन. आमच्याकडची त्याची चटई राहीनं अजून गुंडाळलेली नाही.

रागाव, पण अंतर देऊ नकोस.

तुझा,
हरिश्चंद्र

॥ श्री ॥

मांडवी, रत्नागिरी
ता. ८ डिसेंबर १९८५

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद. वि. वि.

विधींचं नाव पुन्हा काढू नकोस. कागदावर नाव नाही म्हणून माणूस नाही असं होत नसतं. तुझं पत्र मी यांच्यासमोर ठेवलं, त्यांनी वाचलं आणि परत दिलं.

त्यानंतर काय झालं ते ऐक. भागोजी म्हणून राजापूरचा एस.टी. कंडक्टर आहे, नवीनच जेवायला येऊ लागलाय. त्याला आमचं काहीच ठाऊक नव्हतं. तरुण मुलाची एवढी चित्रं भिंतीवर बघून त्या भल्या माणसाला वाटलं की मुलगा गेलेला आहे. दहा दिवसांमागं, गुरुवारी, येताना झेंडूचा हार घेऊन आला, मोठ्या चित्राला घातला, उदबत्ती लावली, नमस्कार केला आणि मग जेवायला बसला. मी आमटीचं भांडं घेऊन बाहेर आले आणि ते पाहिलं. हार ओढून रस्त्यावर फेकला, त्याच्या पुढ्यातलं ताटसुद्धा उचललं. बिचारा हात जोडून म्हणत होता, की आमच्याकडे जित्या माणसाला कुणी असा भिंतीवर लावत नाही. जेवत्या माणसाला मी उठवलं रे. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

यांनी मुकाट्यानं सगळी चित्रं उतरवली. आठवडाभर रंगवून आता एकच लावलंय. आमच्याच टेबलाशी विठू जेवायला बसलाय, पाठमोरा. नुसती पाठ, मान आणि भाकरी मोडणारा हात. बघ कशी युक्ती काढली! पाठीला कोण हार घालणार? म्हणजे त्यांचाही कंपनीवर विश्वास नाही, आम्ही दोघं एका मताचे आहोत. जेवण झालं की वळेल, असं मी गिऱ्हाइकांनाही सांगते.

तू चौकशी सोडू नकोस. एवढी एकच भीक मागते.

तुझी,
ताई

मांडवी, रत्नागिरी
ता. १५ डिसेंबर १९८५

प्रिय हरिश्चंद्र यांस सखारामचा नमस्कार. वि. वि.

मी सहसा पत्र लिहीत नाही. दमयंती बाजारात गेली आहे तेवढ्यात लिहितो. तुमचं पत्र मी वाचलं आणि मानलं. ती मानत नाही. तिची पाठमोऱ्या चित्राबद्दल जी समजूत झाली आहे, ती तशीच राहू द्या.

भागोजीनं हार घातला तेव्हा ते चित्र मी बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. ते तोंड विठूचं नव्हतं. मग बाकीची पाहिली. एकही नव्हतं. आयुष्यभर पडद्यांवर राजपुत्र रंगवले, तेच हातातून उतरत होते. बोटीच्या कागदांसाठी काढलेला फोटो आहे, पण त्यात तो घाबरून ताठ बसला आहे. मला माझ्या मुलाचा चेहरा आठवत नाही, हरिश्चंद्र. पाठ तेवढी आठवते, कारण बंदरावरून जाताना तीच पाहिली.

बोट मिळेपर्यंत तो तुमच्याकडे राहिला होता. तो हसताना डोळे मिटायचा का? हनुवटीवरचा व्रण कुठल्या बाजूला होता? तुम्हाला आणि राहीला आठवेल तेवढं लिहा. दमयंतीला विचारण्याचं धाडस मला होत नाही. पत्र घरी न पाठवता कोर्टाजवळच्या केरू पानवाल्याच्या पत्त्यावर पाठवा.

लवकर लिहा. ती रोज चित्रासमोर उभी राहून मला विचारते, तो कधी वळणार.

आपला,
सखाराम