बंकटची माकडशिंगी

प्रिय मनकर्णा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं तर वाचून फाड.

दुष्काळ म्हणून वडवणीला सोसायटीने जनावरांची छावणी उघडलीय. तुझे सिदूमामा शेळ्या घेऊन तिकडंच राहतात. तुझ्या आईला, कडूमावशीला, मात्र तिथं न्यायची कुणाची टाप नाही. ती कड्यावर बसलीय. बंकट जिथून पडला, तिथंच.

तुझ्या भावानं ती बिनपानांची, बोटांसारखी माकडशिंगी कॉलेजात आणली तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. "शेळ्यांचा चारा घेऊन आला बे!" सरांनी भिंग लावलं अन् म्हणाले, ही जात कुठल्याच पुस्तकात नाही, फूल आण. फुलासाठीच तो कड्यावर चढला. तो गेल्यावर सरांनी झाडाच्या लॅटिन नावात 'बंकट' घातलं आणि वर्गात वाचून दाखवलं. इंग्रज साहेबांच्या नावाची झाडं, त्यांच्या बायकांच्या नावाची पाखरं, त्या रांगेत शेळ्या राखणारा आपला बंकट. पोरगा घेतला अन् नाव दिलं! माझं डोकं फिरलं. सरांची कॉलर धरली, कॉलेज तिथंच सुटलं. त्याच तावात मावशीला जाऊन सांगितलं, आता त्या झाडाचं नावच बंकट हाय, जगभर. वाटलं, रडेल. ती एवढंच म्हणाली, "मग शेळ्या कशापायी सोडल्या तिकडं?"

तेव्हापासून काठी घेऊन बसते. डोंगर सगळा वाळला, हिरवी माकडशिंगी तेवढीच. उपाशी शेळ्या यायच्या, मावशी झोडपून हाकलायची. मी नेलेली कळशी पीत नाही, मुळाशी ओतते. ओठ फुटलेत. काल म्हणाली, "हळू बोल, आत्ता निजलाय." वारा नव्हता मनकर्णा, तरी कड्याखालून शीळ आली, बंकट शेळ्या वळवताना घालायचा तशी. मावशीनं माझ्याकडं बघून मान हलवली. मी पळालो. कुणाला न भिणारा मी.

उचलून आणायला मामा आणि मी गेलतो. तिनं कड्याच्या टोकावर पाय ठेवला. आम्ही मागं फिरलो.

म्हणून लिहितोय. अंबाजोगाईहून मिळेल त्या गाडीनं ये. आईला सांग, राधाकिशन खोटं बोलला, झाडाला कुणाचंच नाव नाही. सांग, माझ्यामागं लागायला, आपल्या घरात शिरायला त्यानं मेलेल्या भावाचं नाव वापरलं. खोटं बोललो असं मी स्वतः सांगून पाहिलं, ती हसली. तुझं ऐकेल. मला शिव्या घालून सांग, म्हणजे पटेल. मग तुमच्या उंबऱ्यावर मला कधीच पाय ठेवता येणार नाही, ठाऊक आहे. पण पाणी तरी पिईल ती.

तरीही तुझाच,
राधाकिशन