ओढ्याचं पाणी एप्रिलमध्ये मोजावं

धारवाड
११ नोव्हेंबर २००१

ती. राघूअण्णास,

अनूचा नमस्कार. वहिनीलाही सांग. तिचा गुडघा कसा आहे ते तिलाच लिहायला लाव, तुझ्या पत्रात 'सर्व क्षेम' यापलीकडे काही नसतं. इकडे मी बरी आहे. शाळेत सहामाहीचे पेपर तपासून संपले. दहावीच्या मुली अजून वस्तुमान आणि वजन एकच समजतात.

धारवाडहून हुबळीत तुझ्या विद्यानगरला यायला बसने पाऊण तास लागतो, तरी मी पत्र लिहिते आहे. का, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. ते आज नको. आज कामाचं विचारायचं आहे.

अळणावरच्या पुढे जंगलाच्या कडेला नेरळकट्टी म्हणून पंचवीस घरांची वाडी आहे. विजेचे खांब वाडीच्या चार मैल अलीकडेच थांबलेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही शाळेतल्या चौघी शिक्षिकांनी तिथे घरोघर सौर कंदील पोचवले, ते तुला आठवत असेल. तेव्हा आपलं जोरात वाजलं होतं. तू म्हणाला होतास, "पन्नास वर्षांनी पृथ्वी तापेल म्हणून आज या लोकांनी अंधारात बसायचं का?" आणि मी ऐटीत म्हटलं होतं, "अंधार राहिलाय कुठे?"

गेल्या रविवारी वाडीवर गेले होते. सखूबाई म्हणून एक आहे, मोलमजुरी करते, बोलायला खमकी, आम्हा शिक्षिकांना 'अक्कोर' म्हणते. मी विचारलं, कंदील कसा चाललाय? म्हणाली, "अक्कोर, दिवा चांगला हाय. पोरगी वाचती त्याच्यावर. पर दिव्यानं जोंधळा दळत न्हाई."

गिरणी अळणावरला, सहा मैलांवर. दर आठवड्याला ही बाई डोक्यावर दळण घेऊन जाऊन-येऊन बारा मैल चालते. तिची मान एका अंगाला कलली आहे, ती मी दोन वर्षांत पाहिलीच नव्हती.  

लगेच खूश होऊ नकोस. तुमचं ते रद्द झालेलं कोळशाचं वीजकेंद्र उभं राहिलं असतं, तरी त्याच्या तारा नेरळकट्टीवरून गेल्या असत्या, नेरळकट्टीत उतरल्या नसत्या.

वाडीच्या वर एक ओढा आहे. खडकावरून सात-आठ पुरुष उंचीवरून खाली येतो. त्यावर गिरणी चालेल का? सूत्र मला पाठ आहे, मुलींकडून घोकूनही घेते. पण पुस्तकातल्या सूत्रात पाइपात पाला अडकत नाही. हे विचारायला मला तुझ्याशिवाय माणूस नाही.

तुझी
अनू

*

धारवाड
२१ एप्रिल २००२

ती. राघूअण्णास,

नमस्कार. तुझं कार्ड नोव्हेंबरातच पोचलं होतं. ना मायना, ना सही. नुसतं, 'पाणी एप्रिलमध्ये मोज. पावसाळ्यात कुणीही मोजेल.' मी ऐकलं, थांबले. गेल्या पावसाने दगा दिला होता, त्यामुळे ओढा अगदी बारीक झालाय. तुला हवा होता तसाच.

अळणावरचा भीमराव लोहार बरोबर होता. गवंड्याची पातळी बघायची पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने खाली आलो. उतार शेहेचाळीस फूट भरला. मग पाणी एका पन्हळीतून सोडलं आणि बादली लावली. पंधरा लिटरची बादली दोन सेकंदांत भरते. तीन रविवारी मिळून सात वेळा मोजलं. एकदा तीन सेकंद लागले, तेही खाली लिहिलं आहे, गाळलेलं नाही. माझ्या गणिताने जेमतेम अर्धा किलोवॅट हाती येतो. म्हणजे गिरणी ओढणार नाही. चूक असेल तर सांग.

आकडे संपले. आता दुसरं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुमच्या केंद्राच्या जनसुनावणीच्या आधी तू मला चार पानी पत्र लिहिलं होतंस. आराखड्यात राखेचा तलाव गावच्या विहिरींच्या वरच्या अंगाला धरलाय, तू फाइलवर हरकत नोंदवलीस, तुला गप्प बसायला सांगितलं गेलं. शेवटी लिहिलं होतंस, 'हे फक्त तुझ्यापाशी बोलतो.' अण्णा, तू ते एका बहिणीला लिहिलं होतंस आणि मी ते माइकसमोर वाचलं.

तुझं नाव घेतलं नाही, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. पण 'माझ्या अगदी जवळच्या एका इंजिनियरने' असं मी म्हटलं आणि सगळ्या सभागृहाने मंचावर तुझ्याकडे पाहिलं. तू चष्मा काढलास, समोरचे कागद गोळा केलेस आणि बाजूच्या दाराने निघून गेलास. लोक टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या मला आवडल्या. एवढं एक वाक्य लिहायला मला चौदा महिने लागले.

पुढचं वहिनीने सांगितलं. तुला साइटवरून काढून भांडारात बसवलं, नटबोल्टच्या पेट्यांवर. मी भेटायला आले नाही. कुठल्या तोंडाने येणार होते?

तिथलं केंद्र रद्द झालं याचं मला जराही वाईट वाटत नाही. त्या विहिरी वाचल्या. कोळशाच्या धुराबद्दल मी आजही तेच म्हणेन, उद्याही म्हणेन. पण तुला विचारायला हवं होतं. तू नाही म्हणाला असतास, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. याला चूक म्हणत नाहीत. ही लबाडी होती.

माफ कर असं लिहिणं सोपं आहे, म्हणून लिहीत नाही. घडलं ते माझ्या हाताने लिहून दिलं आहे. कुणालाही दाखव.

अनू

*

धारवाड
२४ नोव्हेंबर २००२

प्रिय अण्णा,

नमस्कार. नव्या जागी सामान लागलं का? वहिनी म्हणते तिथे पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. रात्री भिजत घालायला सांग.

तुला गेल्या आठवड्यातच तिकडे रुजू व्हावं लागलं आणि नेमका कालचा दिवस चुकला, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सकाळी दहाला भीमरावाने झडप उघडली. पाणी पाइपातून घोंघावत खाली आलं, चाक दोनदा अडखळलं आणि फिरायला लागलं. वरच्या जुन्या बंधाऱ्यातला गाळ उपसून रात्रभर पाणी साठवायचं आणि दिवसा एकदम सोडायचं, हे तुझं गणित तंतोतंत उतरलं. जात्याचा पट्टा मात्र पहिल्या पाच मिनिटांत सुटून भीमरावाच्या पाठीत बसला. कन्नडमध्ये त्याने जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. बायका हसून हसून खाली बसल्या.

पट्टा चढवल्यावर सखूबाईने जोंधळा ओतला आणि खाली ओंजळ धरली. पीठ आलं.   ते गालाला लावून ती म्हणाली, "ऊन हाय ओ अक्कोर." आणि लगेच, "साहेब कुठं हाईत?" बदली झाली म्हटल्यावर माझ्यावरच उखडली, "असं कसं जाऊ दिलं तुमी?"

काय सांगणार तिला? मे महिन्यात तू न कळवता स्कूटरवरून वाडीवर आलास, तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं आणि तू नळीचं टोक माझ्या हातात दिलंस. "धर. हलवू नकोस." त्या पत्राबद्दल आपण तेवढंच बोललो. मला ते पुरलं. तुला पुरलं की नाही, हे मी कधी विचारणार नाही.

बंधाऱ्यावर बसून भाकरी खाताना तू म्हणालास, "ओढ्यावर हुबळी चालत नाही, अनू. दवाखाने, कारखाने, अमरगोळचं मार्केट, हे सगळं कशावर चालवशील?" मी म्हटलं, "नाही चालत. पण हुबळीने किती चालावं, हे कधी कुणी विचारलंय?" तू हसलास. म्हणालास, "हे वाक्य सभेत चांगलं वाटेल, वीज देणार नाही." अण्णा, तुझं म्हणणं खोटं नाही, हे मी मान्य करते. पण लागोपाठ दोन पावसाळे हुकले, गावोगावच्या बंधाऱ्यांचे तळ दिसले. धुराचा हिशेब पन्नास वर्षांनी होईल असं तू म्हणतोस, मला वाटतं तो सुरू झालाय. आणि तो पहिल्यांदा चुकवणार सखूबाईच.

तुला पुन्हा साइटवर घेतलं, याचा मला मनापासून आनंद झाला. ज्या नव्या कोळशाच्या केंद्रासाठी घेतलं त्याची सुनावणी वीस डिसेंबरला आहे, हे पेपरात वाचलं. तू मंचावर असशील. मीही येणार आहे आणि विरोधात बोलणार आहे.

माझं निवेदन सोबत जोडलं आहे, नऊ पानांचं. तुझ्याकडून कळलेलं एक अक्षरही त्यात नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्या केंद्राभोवतीच्या अकरा गावांतून मी स्वतः फिरले, विहिरी मोजल्या, लोकांना विचारलं. सभेच्या आधी तू ते वाचावंस. माझ्या मताला हात लावू नकोस, पण एखादा आकडा चुकला असेल तर खूण करून पाठव. मी तो दुरुस्त करून वाचीन. आणि तुझं उत्तर तयार ठेव, चांगलं, खणखणीत. मला ते सगळ्यांसमोर ऐकायचं आहे.

सभेनंतर जेवायला तुझ्याकडेच येईन. वहिनीला कळवून ठेव.

समोरच्या रांगेतली, विरोधातली, तुझीच
अनू