गडद रंगाची बाटली

१४ मार्च, शनिवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. बाबांचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र पूर्वीसारखीच चालते. तुझे भावजी नवा चष्मा लागल्यापासून जुना घालून नवा शोधत असतात. तीन वर्षांनी पत्र लिहायचं आणि त्यात चष्म्याचं पुराण लावायचं, ही माझीच तऱ्हा. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, तुला ठाऊकच आहे.

वर्षभर झालं, मी एका मदत केंद्रात जाते. लोकांना नको असलेले साबण, शाम्पू, पावडरी, लिपस्टिका तिथे येतात आणि ज्यांना गरज आहे त्यांना पिशव्या भरून दिल्या जातात. माझं काम वरच्या मजल्यावर. झाकण उघडलेलं बाद, तारीख उलटलेली बाद, उरलेलं फडताळात. मध्ये एका सासूबाईंनी सुरकुत्यांवरच्या क्रीमच्या सात डब्या आणून दिल्या, सगळ्या सीलबंद. सून दर वाढदिवसाला एक देत होती म्हणे. त्या घरात काय चाललं असेल याचा विचार करून मी दिवसभर हसत होते.

गुरुवारी खाली खिडकीपाशी बायका येतात. नाव कुणी विचारत नाही. हवं ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी टोपलीतून दोरीनं वर येते, आम्ही पिशवी भरून खाली सोडतो. कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ही सोय.

परवा एक चिठ्ठी आली. बिनवासाचा साबण, वासाच्या साबणानं अंगावर गांधी उठतात म्हणून. रुंद दातांचा कंगवा. आणि सगळ्यात खाली, फाउंडेशन असेल तर गडद रंगाचं, उजळ नको. ते अक्षर मी तुझा हात धरून गिरवून घेतलंय, ठमे. मी ते ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

मी जिन्याच्या वळणापर्यंत उतरले. तू पाठमोरी होतीस. केस कापलेस तू. मध्ये चारच पायऱ्या होत्या आणि मी त्या उतरले नाही. घाबरले, दुसरं काही नाही.

वर येऊन पिशवी भरायला घेतली. साबण मिळाला, कंगवा मिळाला. गडद फाउंडेशन आमच्याकडे क्वचितच येतं, लोकांकडे पडून राहतात त्या उजळ रंगाच्या बाटल्या. फडताळात नेमकी एक होती, अगदी तुझ्या रंगाची. मी ती हातात घेतली आणि परत ठेवून दिली.

का, ते तुला सांगायची गरज नाही. पण मला ते एकदा लिहायचंच आहे. बाबांच्या निवृत्तीच्या समारंभाच्या सकाळी तू माझ्या खोलीत आलीस, डोळ्याखाली काळंनिळं घेऊन. म्हणालीस, "ताई, मी परत जाणार नाही." मी उठून दाराला कडी लावली. तुला वाटलं असेल, तुझं ऐकायला लावली. मी कपाटातून माझी बाटली काढली, तुझी हनुवटी धरली आणि तो डाग झाकला. माझा रंग उजळ, त्यामुळे तुझ्या गालावर पिठाचा हात फिरल्यासारखं दिसत होतं. म्हटलं, आज पाहुणे आहेत, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी मीच तुला तुझ्या नवऱ्याच्या गाडीत बसवलं. वर शहाणपण सांगितलं, जरा जुळवून घे.

म्हणून परवा ठरवलं, या हातानं ती बाटली पुन्हा द्यायची नाही. मोठं पुण्य केल्यासारखी पिशवी खाली सोडली. खाली खिडकीवर बसणाऱ्या आमच्या केंद्रातल्या बाईंनी नंतर सांगितलं, तू दोनदा पिशवीत हात घालून पाहिलंस आणि गेलीस. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या आवाज चढवणाऱ्यांतल्या नाहीत.

"तिनं मागितलं होतं, आपल्याकडे होतं आणि तू दिलं नाहीस," त्या म्हणाल्या. "ती ते कशाला लावेल, हे तू कोण ठरवणार?"

तेव्हाही तुझ्यासाठी मीच ठरवलं आणि परवाही मीच. या वेळी तर वर स्वतःला शहाणीही समजत होते. तुला कदाचित नोकरीच्या मुलाखतीला जायचं असेल. कदाचित तू अजून त्याच घरात असशील. मला काही माहीत नाही.

पुढच्या गुरुवारी आलीस तर बाई विचारतील, वरून एक पाकीट आहे, हवं का. नको म्हणालीस तरी बाटली पिशवीत असेलच. हे वाचते आहेस, म्हणजे तू हो म्हणालीस. वाचून झालं की पत्र बाईंकडेच ठेव, सोबत नेऊ नकोस. पाकिटात आमच्या घराची किल्ली आहे, ती मात्र ने. बाबांना मी सगळं सांगितलं. ते उठले आणि मधल्या खोलीतल्या पलंगावरचे रद्दीचे गठ्ठे एकेक करून स्वतःच हलवले, गुडघे धरत. मला हात लावू दिला नाही.

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी असेन. वळून पाहिलंस तर पुढे येईन, नाही पाहिलंस तर तिथेच थांबेन. घरी येशील तेव्हा चेहरा झाकून ये नाही तर तसाच घेऊन ये, तुला वाटेल तसं. या वेळी दाराला कडी लावली, तर तुझं ऐकायलाच लावीन.

तुला त्या गाडीत बसवणारी,
तुझी ताई