आतला खिसा

चि. रामप्रसाद,

दुकानात दोन रिव्हॉल्व्हर तोलत तू विचारलंस, "आक्का, कोणतं घेऊ? रोज अंगावर वागवायचंय."

"हलकं घे. जडानं कंबर दुखेल."

तू हसलास. "आपण वांगी घेऊन राह्यलो का?"

मग मी तुझ्या बंडीला आतून खिसा शिवला, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलेल्या, बाहेरून न दिसणाऱ्या टाक्यानं.

जड असतं तर त्या दिवशी घरीच ठेवलं असतंस. बांधावरच्या तुम्हा दोघांच्या भांडणात आपला धाकटा बद्रीनाथ तुझी थप्पड खाऊन जिवंत परत आला असता.

हे पत्र तुझ्याकडे तुरुंगात पाठवणार नाही. तू मला माफ करशील, ते सोसणार नाही.

माझ्यामागे शिलाई मशीन बद्रीनाथच्या लेकीला, मोनिकाला द्यावं. पोलिसांनी बंडी परत दिली तर ती तुझी. आधी खिसा मात्र उसवावा.

तुझी आक्का,
दैवशाला