वारसाचा रकाना

अण्णा, आता मध्ये बोलू नका. तुम्ही गेल्यापासून अकरा वर्षं मी तुमचीच बाजू घेतली. कोल्हारात कुणी म्हणालं, गुर्जी म्हंजे देवमानूस, की मी मान डोलवायचो. शाळेतला उरलेला खडूसुद्धा तुम्ही घरी आणला नाही. आणि त्याच घरात, चुलीपाशी पाटावर बसून, अडतदाराचा तो इंग्रजी फॉर्म भरलात.

तो दिवस मला दिसतोय. आई भाकरी थापतेय, धुरानं तुमचे डोळे चुरचुरतायत, अडतदार उंबऱ्याशी उकिडवा बसलाय. त्याचा कांदा मुंबईहून बोटीनं बाहेर जायचा. इथल्या कागदावर निम्माच भाव, बाकीचे पैसे परस्पर स्वित्झर्लंडच्या बँकेत, म्हणजे इन्कम टॅक्सला पत्ताच नको. "माझं नाव नको," तो म्हणतोय, "तुमचं घाला गुर्जी. तुमच्यावर कोन संशव घेतंय?" तुम्ही हसलात. त्यात हसण्यासारखं काय होतं?

नाव आन सही तेवढी करा, बाकी कोरं ठेवा, असं त्यानं बजावलं होतं. पण तुम्ही मास्तर. कोरा रकाना दिसला की पोरांच्या हातावर छडी मारणारे. तुम्ही सगळे रकाने भरलेत. पत्ता आपल्या घराचा. वारस म्हणून माझं नाव. त्याला कुठं इंग्रजी येत होतं? फॉर्म कपाळाला लावून त्यानं पाकिटात घातला.

तुम्ही गेलात आणि बँकेनं त्याला कळवलं, आम्ही फक्त वारसाशी बोलू. मग तो मी विशीचा, म्हणजे तिकडच्या कायद्यानं सज्ञान, व्हायची वाट बघत बसला. नगरच्या कॉलेजची फी त्यानं भरली, खाणावळीचं बिल भरलं, चपला घेऊन दिल्या. मला वाटायचं, तुमच्यावरच्या मायेनं करतोय. बी.ए.चा निकाल लागला त्याच आठवड्यात खात्यातले पैसे त्याच्या हवाली करायचा कागद घेऊन आला. "कर सही. तुज्या बापानं कदी का म्हनून इचारलं न्हाई." मी केली नाही.

परवा इन्कम टॅक्सचे साहेब आले. कुठून तरी कुणकुण लागलेली. बशीत चहा ओतत म्हणाले, "तिकडची बँक आपल्या सरकारला काही सांगत नाही हो. आम्ही पत्रं पाठवतो, ते दोन ओळींत नाही म्हणतात. खातेदाराच्या घरातच कागद सापडला तर गोष्ट वेगळी." तुम्ही खरा पत्ता दिलात म्हणून आलेलं बँकेचं पत्र तेव्हा ट्रंकेत होतं, आणि ट्रंकेवर आई बसली होती. ते गेल्यावर म्हणाली, "मेलेल्या मानसाला कचेरीत नको नेऊ रे."

पत्र आता माझ्या खिशात आहे. नगरला जाऊन देणार. अडतदार सुटेलही, त्याचं नाव त्यात कुठंच नाही. तुमचं आहे. गाव तुम्हाला चोर म्हणेल आणि मला चोराचा वारस. म्हणू दे.

सही केली नाही, त्याला तत्त्व वगैरे म्हणू नका. इतकी वर्षं त्यानं पोसलं, पण बाबा रे, तू शिकतोस काय, लिहितोस काय, हे एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी केली असती सही.

एसटी आली. जातो.